थांबामावशींचा एक जादा

शाळेच्या कोपऱ्यावरून रोज गाडी नेणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी न सांगता कळायची. मुलं ओलांडून झाली म्हणून पाटी लगेच खाली येत नाही. शेवटचं मूल पलीकडच्या फूटपाथवर चढायचं, दप्तर सावरायचं आणि मागे वळूनही न बघता शाळेच्या फाटकाकडे पळत सुटायचं. तरी रस्त्याच्या मधोमध ती बाई लाल गोल पाटी वर धरून उभीच. समोर रस्ता मोकळा. एखादं मूल रमतगमत पलीकडे जाईल इतका वेळ ती तशीच थांबायची. तिची नजरही तेवढ्याच वेगानं सरकायची, घरांच्या बाजूकडून शाळेच्या बाजूकडे, लहान मुलाचं डोकं जितक्या उंचीवर असतं तितक्या उंचीवर. मग पाटी खाली.

नवखा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. मग दूधगाडीवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला म्हणायचा, "ए, दम धर की जरा. मावशींचा एक जादा असतो."

का असतो, हे निम्म्या लोकांना माहीत होतं. उरलेले निम्मे विचारत नसत, कारण माहीत असलेल्यांची तोंडं बघून विचारायचा धीर होत नसे.

तिला सगळी मुलं थांबामावशी म्हणत, पाटीवर 'थांबा' लिहिलेलं म्हणून. खरं नाव शाळेच्या शिपायालाही आठवलं नसतं. पाटी हाती घेण्याआधी ती घरी बसून पडदे शिवायची. तिच्या हातच्या चुण्या सरळ पडायच्या, आणि अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना तिनंच कपडे घातलेत असं तिचा नवरा थट्टेनं म्हणायचा. नवरा बसडेपोत ब्रेकचं काम करायचा. हाताला कायम काळं, बोलणं कमी, आणि बोललाच तर वाकडं. "दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक लावतो," तो म्हणायचा, "घरी आल्यावर माझा मीच लागतो."

त्यांना एक मुलगी होती. तिला घरात भिंगरी म्हणत. नाव शोभून दिसायचं, पण शाळेत जाताना मात्र ही भिंगरी हमखास सगळ्यांच्या मागे पडायची. फूटपाथच्या कडेवरून एकापुढे एक पाऊल टाकत, हात पसरून, तोल सांभाळत चालायची. खाली पाय लागला की पुन्हा मागे जाऊन सुरुवात. सोबतची मुलं केव्हाच पलीकडे पोचलेली असायची. त्या सकाळी आईनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "अगं पळ की, सगळे गेले पुढे!" आणि एरवी कधीच न ऐकणारी ती मुलगी त्या दिवशी पळाली.

मालट्रकचा ड्रायव्हर दारू प्यायलेला नव्हता. घाईतही नव्हता. बाजूच्या रस्त्यावरून तो मुख्य रस्त्यावर वळत होता, आणि तो कोपरा इतका ऐसपैस, इतका गोल होता की वळताना वेग कमी करावा असं कुणालाच वाटायचं नाही. सुरी लोण्यातून जावी तशा गाड्या तिथून वळायच्या. तो पुढे कितीतरी वेळ नुसतं एवढंच म्हणत राहिला, "मी वळलो हो. नुसता वळलो."

पुढे पडद्यांचं मशीन झाकून ठेवलं गेलं ते ठेवलंच. शाळेच्या मोठ्या बाईंनी जेव्हा रस्ता ओलांडून द्यायला कुणी मिळतंय का अशी चौकशी केली, तेव्हा ती स्वतःहून जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई गडबडल्या. "तुम्हाला झेपेल का हो? त्याच ठिकाणी?"

"त्याच ठिकाणीच झेपेल," ती म्हणाली.

आणि झेपलं. मुलांची ती मावशी झाली. कुणाचा बूट सुटलाय, कुणाच्या नाकाला शेंबूड आहे, कोण आज रडून आलंय, सगळ्याची तिला खबर. मुलं तिला छळायचीही. "मावशी, पाटी मला द्या ना!" "तुला दिली तर तू देशाची वाहतूक बंद पाडशील." त्यांच्यातली एक मुलगी सगळ्यांच्या शेवटी यायची म्हणून बाकीची तिला शेपूट म्हणत. मुंगी दिसली तरी ही बसायची, ढग दिसला तरी थांबायची. मावशी तिचा हात धरून तिला न्यायची, तिच्या चालीनं. पण शेपूट पलीकडे गेली तरी पाटी वरच असायची. तो एक जादा शेपटीच्याही नंतरचा होता.

मावशीला तिथे काही दिसायचं का? नाही. ती वेडी नव्हती. तिला कुणी दिसत नसे, कुणी हाक मारत नसे. एवढंच होतं की त्या थोडक्या वेळात रस्ता रिकामा नसायचा. भरलेल्या खोलीत आणि रिकाम्या खोलीत अंधारातही फरक कळतो ना, तसं. पाटी खाली घेताना तिला दर वेळी वाटायचं, आली एकदाची पलीकडे. तेवढ्यावर दिवस निघायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नकाशेवाली आली ती या सगळ्याच्या खूप नंतर. रस्ते खात्याची तरुण बाई. बेकरीच्या पायरीजवळ घडीचं स्टूल टाकून बसायची आणि नुसती बघायची. बेकरीवाल्याला ते पहिल्या दिवसापासून खुपलं. त्याच्या दुकानापुढे गाड्या आडव्यातिडव्या उभ्या राहत, आणि कुणी टक लावून बघू लागलं की त्याला दंडाची पावती दिसू लागे.

"बाई, काय बघताय एवढं? रस्ता काय पळून जातोय?"

"रस्ता नाही पळत, काका. माणसं कुठून पळतात ते बघतेय."

"मग काही खा तरी. नुसतं बघून रस्ता रुंद होत नाही."

"रुंद कुठे करायचाय," ती हसून म्हणाली. "अरुंदच करायचाय."

बेकरीवाल्यानं कपाळावर हात मारला. आयुष्यभर त्यानं रस्ते रुंद करायला आलेली माणसं पाहिली होती, उलट्या डोक्याची ही पहिलीच.

एकदा पाऊस नसलेल्या कोरड्या दिवसांत नकाशेवाली खडू घेऊन त्या गोल कोपऱ्यावर उतरली आणि वाकून काहीतरी रेघ ओढू लागली. मावशी मुलं सोडून परत येत होती. तिला बघवेना.

"काय चाललंय तिथे?"

"मावशी, या ना. ही धूळ बघा." कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, फूटपाथला लागून, चंद्रकोरीसारखा धुळीचा आणि पाल्याचा पट्टा साचला होता. नकाशेवालीनं त्याच्याच कडेनं खडूची रेघ नेली होती. "गाड्यांची चाकं जिथून जातात तिथे धूळ टिकत नाही. जिथे टिकते, तेवढा रस्ता गाड्यांना लागतच नाही. फुकट पडलेला असतो, आणि फुकटचा असतो म्हणूनच त्या वेगानं वळतात. एवढा फूटपाथ पुढे आणला की कोपरा टोकदार होईल. टोकदार कोपऱ्याला वळायला गाडी हळू करावीच लागते. ड्रायव्हर देवमाणूस असो नाहीतर कसाई, कोपरा त्याला हळू करतो."

मावशी त्या धुळीकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती धूळ तिथे होती आणि मावशीच्या मनात कधी आलं नव्हतं की त्या धुळीला काही म्हणायचंय.

"आणि हे पांढरे पट्टे?"

"ते सरकवायचे. शाळेच्या फाटकासमोर, बेकरीपुढे. तिथे रस्ता उंच करायचा, फूटपाथच्याच पातळीचा. म्हणजे मुलं खाली उतरणार नाहीत, गाड्याच वर चढतील."

"आणि मग इथे?"

"इथून नाही ओलांडायचं मग. खांब लावू."

मावशी पाटी काखेत मारून घरी निघाली. वाटभर तिच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. इथून ओलांडायचं नाही. मग भिंगरी? ती तर अजून अर्ध्यावर. सगळी मुलं तिकडे बेकरीपुढून जातील आणि ती या कोपऱ्यावर, खांबांच्या मागे, तोल सांभाळत उभी राहील, कुणी पाटी धरेल म्हणून वाट बघत. मावशीला ठाऊक होतं की हा विचार कुणाला बोलून दाखवण्यासारखा नाही. म्हणून तर तो जात नव्हता.

शाळेच्या सभागृहात पालकांची बैठक झाली. नकाशेवालीनं भिंतीवर नकाशे लावले, पानं लावलेल्या झाडांची चित्रं, हसणारी माणसं. एकानं विचारलं, "चित्रात गाड्या कुठे गेल्या हो? माझी कुठे लावू, तुमच्या झाडावर?" लोक हसले. बेकरीवाला बोलायला उठणारच होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून मावशी उभी राहिली. ती कधी बैठकीत बोलली नव्हती.

"कोपरा आहे तसा राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली इतकी वर्षं एका पोराला ओरखडा आला नाही. पट्टे हलवायचे नाहीत."

आयांनी माना खाली घातल्या. मग एक जण हळूच म्हणाली, "मावशींचं मन मोडून कसला आलाय रस्ता." आणि मग काय, प्रत्येकालाच मावशींच्या मनाची काळजी वाटू लागली. ज्याला गाडी लावायची होती त्याला, ज्याला शंभर पावलं चालायचा कंटाळा होता त्याला, आणि बेकरीवाला तर डोळे पुसत म्हणाला, "मावशी म्हणतील तेच." एका आईच्या दुःखाआड सगळ्यांनी आपापल्या गाड्या उभ्या केल्या. नकाशे गुंडाळले गेले.

बाहेर नकाशेवालीनं तिला गाठलं. वाद घालायला नाही. नुसतं विचारलं, "मावशी, तुम्ही शेवटी पाटी धरून थांबता ना, तेव्हा कधी मागे वळून बघता का?"

"मागे काय बघायचं? मूल पुढे असतं."

"कोपऱ्यावरच्या गाड्या मागे असतात. त्या थांबत नाहीत आता. पाटी वर असते आणि त्या सुटलेल्या असतात."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पाटीपुढे कुणी हललेलं नाही आजवर. तुला लेकरू आहे का गं?"

"आहे. आत्ता कुठे धरून धरून उभी राहायला लागलीये."

"मग तिला सांभाळ. मला रस्ता शिकवू नकोस."

नकाशेवाली गेली. तिचं स्टूलही बेकरीच्या पायरीवरून गेलं. मावशीला वाटलं, जिंकले. पण रात्रभर तिला डोळ्यापुढे तो खडूचा चंद्र दिसत राहिला.

पुढच्या आठवड्यात शेपूट आजारी होती. ताप होता म्हणे. म्हणून त्या सकाळी मुलांची रांग तिच्याशिवायच आली आणि तिच्याशिवायच गेली. शेवटचा एक लठ्ठसा मुलगा फाटकात शिरला. मावशी रोजच्यासारखी थांबली, पाटी वर, नजर घरांच्या बाजूला. आणि सरकू लागलेल्या तिच्या नजरेत, अगदी नेमक्या उंचीवर, एक मुलगी आली.

हात पसरून फूटपाथवरून धावत आली, कडेवरून उडी मारून पट्ट्यांवर उतरली.

मावशी ओरडली नाही. त्या क्षणी तिला जे वाटलं ते नंतर तिनं फक्त एका माणसाला सांगितलं. तिला भीती वाटली नाही. तिला इतका आनंद झाला की श्वास थांबला. आली. शेवटी आली. पाटी धरलेला हात स्थिर होता, ओठांवर हसू होतं, आणि मागून, त्या लोण्यासारख्या कोपऱ्यावरून, दूधगाडी वळत होती.

ब्रेक किंचाळले. काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला. मावशीनं डोळे उघडले, म्हणजे ते उघडेच होते, पण आत्ता त्यांना दिसलं. पट्ट्यांवर शेपूट बसली होती. ताप उतरल्यावर आईचा डोळा चुकवून, उशीर झाला म्हणून पळत आलेली शेपूट. तिचा डबा गाडीच्या पुढच्या चाकाखाली चपटा झाला होता. हात खरचटले होते. ती मावशीकडे बघत होती आणि रडू की नको हे तिला मावशीच्या तोंडावरून ठरवायचं होतं. पण मावशीच्या तोंडावर अजून ते हसू होतं, आणि त्याला घाबरूनच पोरीनं भोकाड पसरलं.

दूधगाडीवाला गाडीचं दार उघडं टाकून खाली उतरला. चांगला माणूस. मावशीच्या वतीनं वर्षानुवर्षं दुसऱ्यांना दटावणारा.

"मावशी, पाटी होती, दिसली मला, शप्पथ," तो म्हणत होता. "पण मुलं संपली होती. मला वाटलं, तुमचा जादाचा आहे. त्यात कुणी नसतं ना. रोज कुणी नसतं."

मावशीनं पोरीला उचललं. तिच्या छातीचे ठोके पोरीला लागत होते की पोरीचे तिला, ते कळत नव्हतं. तिनं मागे वळून बघितलं. कोपऱ्यावर दूधगाडीच्या मागे अजून गाड्या होत्या, आणि त्यांची चाकंही थांबायच्या जागेवरून सुटून पुढे आलेली होती. सगळ्यांची. कुणी दुष्ट नव्हतं. तिनंच त्यांना शिकवलं होतं. पाटी वर असली तरी रस्ता रिकामा असू शकतो, हे तिनं रोज सकाळी, न चुकता, सगळ्या गावाला शिकवलं होतं.

संध्याकाळी नवरा हात धुवून पानावर बसला. तिनं वाढलं, आणि स्वतः न वाढून घेता समोर बसली.

"तुला कळलं असेल."

"डेपोत कळलं. पोर बरी आहे ना?"

"बरी आहे." तिनं भातावर झाकण ठेवलं. "मी ओरडले नाही."

त्यानं घास खाली ठेवला.

"मला वाटलं, ती आली. मी तिच्याकडे बघून हसले. शेपूट वाचली नसती, तरी मी हसतच राहिले असते."

असं काही बोलल्यावर एरवी तो उठून गॅलरीत जायचा. या वेळी बसून राहिला. बोटांच्या पेरांतलं काळं अंगठ्यानं खरवडत राहिला.

"एक बोलू? रागावू नकोस," तो म्हणाला. "रोज तू तिला पलीकडे नेतेस. बरोबर? आणि रोज सकाळी परत अलीकडे आणून उभी करतेस. त्या एवढ्याशा पोरीला किती वेळा गं तो रस्ता ओलांडायला लावणार?"

तिला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दोघं एकाच वेळी रडली. याआधी एक रडायला लागलं की दुसरं आवरायचं, कुणीतरी गॅसकडे बघायला हवं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुलं सोडल्यावर ती तशीच पाटी हातात घेऊन रस्ते खात्याच्या कचेरीत गेली. पाटी ठेवायला कुठे जाणार? दारावरच्या माणसानं विचारलं, "बाई, मोर्चा आहे का?"

"एकटीचाच आहे," ती म्हणाली. "नकाशेवाल्या बाई कुठे बसतात?"

नकाशेवाली मोठ्या टेबलापाशी उभी होती. तिला बघून घाबरली. खबर तिच्यापर्यंतही पोचली होती. "मी म्हणाले होते" असं ती म्हणाली असती तर मावशी तिथूनच परत फिरली असती. पण ती तसं म्हणाली नाही. खुर्ची पुढे केली.

"तो कोपऱ्याचा नकाशा काढ," मावशी म्हणाली.

नकाशा पसरला. मावशीनं बराच वेळ तो उलटसुलट करून बघितला. पडद्याचं कापड कात्रीखाली घ्यायच्या आधी बघतात तसा. मग तिनं एका जागी बोट टेकवलं.

"माझी मुलगी इथे पडली होती. तुझ्या नकाशात इथे काय येतं?"

नकाशेवालीनं वाकून बघितलं. बोट कुठे आहे याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, "फूटपाथ. हे सगळं फूटपाथमध्ये येतं, मावशी. इथे पुन्हा गाडी येऊच शकत नाही."

"कधीच?"

"हे दगडी काठ असतील. कधीच."

मावशीचं बोट तिथेच राहिलं. नकाशेवाली चाचरत म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर तिथे काहीतरी करता येईल. एखादं झाड. एखादा दगड, त्यावर नाव..."

"नको. नाव वाचायला मुलं थांबतील, नि त्यांच्या आया त्यांना तिथून ओढून नेतील. नुसता फूटपाथ असू दे. मुलं काय करतील तिथे?"

"उभी राहतील. कोपऱ्यावर मुलं उभी राहतातच. रेंगाळतील."

"रेंगाळू दे," मावशी म्हणाली आणि बोट उचललं.

पुन्हा बैठक झाली. या वेळी मावशी पुढच्या रांगेत बसली होती. बेकरीवाल्यानं "मावशी म्हणतील तेच" एवढं म्हणेपर्यंत ती उठली आणि म्हणाली, "मावशी म्हणते, पट्टे हलवा. आणि काका, तुमच्या दारातल्या गाड्याही." बेकरीवाल्याचं तोंड भाजीत मीठ जास्त पडल्यासारखं झालं. पण आता कुणाला आड लपायला जागा नव्हती. आधी काही दिवस रंगाचे पट्टे आणि वाळूनं भरलेली पिंपं मांडून कोपरा करून बघितला. गाड्या खरोखरच हळू वळल्या, शिव्या देत, पण हळू. मग सुट्टीत काम झालं. दगडी काठ बसले, खांब बसले, बेकरीपुढे रस्ता वर उचलला गेला.

त्या सगळ्या दिवसांत मावशी घरीच होती. कामगार कोपरा भरत असताना ती तिकडे फिरकली नाही. काँक्रीट मिसळायच्या यंत्राचा घरघराट खिडकीतून यायचा तेव्हा तिनं मशीनवरचं कापड काढलं, तेल घातलं, आणि नुसतंच रिकामं चालवत बसली. आवाजावर आवाज.

शाळा उघडली त्या सकाळी ती लवकर पोचली. नवा कोपरा कोरडा, फिकट, कुणाच्याच ओळखीचा नसल्यासारखा. तिनं त्यावर पाय ठेवला नाही. पण मुलांना असलं काही माहीत नव्हतं. एक घोळका तिथेच येऊन थांबला, बरोब्बर त्याच जागी. एक मुलगा एका पायावर गोल फिरत होता, दोघी जणी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. मावशीच्या ओठांवर आलं होतं, "हटा तिथून, लांब व्हा!" तिनं ते गिळलं. मुलं जराशानं स्वतःच निघाली, आपापसात भांडत, बेकरीकडे.

बेकरीपुढे जाऊन तिनं पाटी वर केली. मुलं चढणीशिवाय, उतरणीशिवाय, सरळ चालत पलीकडे गेली. गाड्या उंचवट्याच्या आधीच थांबल्या होत्या. लठ्ठ मुलगा गेला. शेपूट आली, नव्या रस्त्याला पाय घासून बघत, मध्येच वाकून, मध्येच मागे वळून, आणि मावशी तिच्या चालीनं चालली. शेपूट फाटकात शिरली.

मावशी परत रस्त्याच्या मधे आली. आणि तिनं पाटी खाली घेतली.

हात खाली आला, पण दंड अजून वरच असल्यासारखा दुखत होता. ती बाजूला झाली आणि गाड्या जायची वाट बघू लागली.

एकही गाडी हलली नाही.

सगळ्यात पुढे दूधगाडी होती. दूधगाडीवाल्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि तो समोर बघत होता, मान ताठ. त्याच्या मागच्यानं हॉर्न वाजवला नाही. त्याच्या मागच्यानंही नाही. पलीकडून आलेली बस थांबलेली, बसमधली माणसं खिडक्यांशी. शेपटीचा डबा चिरडला त्या सकाळपासून सगळेच ती जादाची वेळ देत होते, काटेकोर, देवळात उभं राहावं तसे. पाटी खाली आली होती तरी ते ती देत होते. मावशीनं हातानं खूण केली, जा. दूधगाडीवाल्यानं मान हलवली, असू दे मावशी, थांबतो.

समोरचा उंचवटा नवा, स्वच्छ, आणि इतकी माणसं त्याकडे बघत होती की आता खरंच कुणीतरी यायला हवं असं वाटत होतं. मावशीनं घरांच्या बाजूला बघायचं टाळलं. तिला माहीत होतं, एकदा बघितलं की नजर आपोआप सरकू लागेल.

ती चालत दूधगाडीपाशी गेली. खिडकीची काच खालीच होती.

"जा आता," ती म्हणाली.

"तुमचं होऊ दे ना मावशी. मला घाई नाही."

"झालं." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, मागच्या गाड्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "मुलं संपली. आता कुणी यायचं नाही."

गाडीनं गिअर टाकला. उंचवट्यावर चढली, पलीकडे उतरली, आणि तिच्यामागून एकेक करत सगळ्या निघाल्या.